फ्रॉइड, ॲडलर, युंग डोक्यात नीट बसवायचे असतील तर अभ्यास कसा करायचा

बीए सायकॉलॉजीला असाल, सेट-नेटची तयारी चालू असेल किंवा नुसतं कुतूहल म्हणून वाचायला घेतलं असेल, पर्सनॅलिटीचा पहिला चॅप्टर उघडला की फ्रॉइड, ॲडलर, युंग या माणसाच्या मनाचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांच्या व्याख्यांचा ढीग समोर येतो. इड, इगो, सुपरइगो, पाच अवस्था, दहा-बारा संरक्षण यंत्रणा, मग ॲडलरचा न्यूनगंड, मग युंगचं सामूहिक अबोध, सगळं रट्टा मारून पाठ करायचं आणि पेपर देऊन बाहेर पडलं की विसरायचं. इतका भारी विषय पाठांतरात मरतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. यातली जवळजवळ प्रत्येक कन्सेप्ट एखाद्या खऱ्या पेशंटसमोर, खऱ्या कोड्यापाशी डॉक्टर अडला तेव्हा जन्माला आलीये, म्हणून आधी ते कोडं बघायचं आणि मग त्याचं उत्तर म्हणून कन्सेप्ट बघायची. या क्रमाने गेलात तर पाठ करायला फारसं काही उरतच नाही.

सुरुवात ॲना ओ.पासून करा

बरीच मुलं डायरेक्ट इड-इगोपासून सुरू करतात. तसं नका करू, कारण ते 1923 सालचं आहे आणि तोवर फ्रॉइडची पन्नाशी उलटून सदुसष्टावं वर्ष लागलं होतं. सुरुवात व्हिएन्नात 1880 मध्ये होते आणि तिथे फ्रॉइड नाहीच, डॉक्टर योझेफ ब्रॉयर आहे. त्याची पेशंट ॲना ओ. (हे केसमध्ये दिलेलं टोपणनाव), एकवीस वर्षांची मुलगी, आजारी वडिलांची सेवा करता करता स्वतः आजारी पडलेली. हात लुळा पडतो, नजरेत गडबड होते, मातृभाषा जर्मन असूनही मध्येच फक्त इंग्रजी बोलता येतं, आणि ऐन उन्हाळ्यात काही आठवडे ती पाण्याचा ग्लास ओठाला लावूच शकत नाही, फळं खाऊन तहान भागवते. एक दिवस संमोहनात ती सांगते की तिच्या सोबतिणीचा कुत्रा ग्लासातून पाणी पीत होता ते तिने पाहिलं होतं, प्रचंड किळस आली होती, पण वाईट दिसेल म्हणून ती गप्प बसली होती. तेव्हाचा दाबून ठेवलेला राग ती बोलून दाखवते, पाणी मागते आणि पिते.

आता इथे थांबून स्वतःला विचारा की हे कसं शक्य आहे. जी गोष्ट तिला आठवतही नव्हती ती तिच्या शरीराला पाणी पिऊ देत नव्हती, म्हणजे न आठवणारी गोष्टसुद्धा काम करत राहते. अबोध मन म्हणतात ते हेच. ‘जे आपल्याला माहीत नाही ते अबोध’ एवढी व्याख्या अपुरी आहे, कारण आपल्या यकृतात काय चाललंय तेही आपल्याला माहीत नसतं. फ्रॉइडचं अबोध म्हणजे जे मुद्दाम बाहेर ठेवलं गेलंय आणि तरीही आतून ढकलत राहतं ते. या मुद्दाम बाहेर ठेवण्याला दमन म्हणायचं.

दोन गोष्टी इथेच वहीत लिहून ठेवा. ॲना ओ.वर उपचार ब्रॉयरने केले, फ्रॉइडने नाही, पेपरात हे फार जण चुकवतात. आणि ती तिथल्या तिथे खडखडीत बरी झाली ही गोष्ट खरी नाही, 1882 मध्ये तिला क्रॉइत्सलिंगेनच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ती सावरली, बर्था पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक 1895 मध्ये आलं त्यात ही केस आहे.

मग एक स्वप्न आणि एक विसरलेलं नाव

त्याच 1895 च्या जुलैत फ्रॉइडला इर्माचं स्वप्न पडलं. हे स्वप्न सगळ्यांनी एकदा तरी सावकाश वाचायला हवं, त्याशिवाय स्वप्नांचा भाग कोरडाच राहतो. आदल्या दिवशी ऑटो नावाचा डॉक्टर मित्र भेटून गेलेला, फ्रॉइडच्या एका पेशंटबद्दल तो म्हणाला की ती बरी आहे पण पूर्ण बरी नाही, आणि फ्रॉइडला त्याच्या बोलण्यात ठपका जाणवला. रात्री स्वप्नात मोठा हॉल, पाहुणे, त्यात तीच पेशंट, इर्मा. तो तिला खिडकीपाशी नेतो, घसा बघतो, घशात पांढरा चट्टा आणि खपल्या, मग बाकीचे डॉक्टर येऊन तपासतात आणि शेवटी कळतं की ऑटोने तिला इंजेक्शन दिलं होतं आणि सिरिंज बहुतेक स्वच्छ नव्हती.

म्हणजे दोष कुणाचा? ऑटोचा. फ्रॉइड सुटला. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती हे वाक्य आपण पाठ करतो, तर इथली इच्छा ही आहे की ‘माझ्यामुळे ती आजारी राहिली नाही’. जे दिसलं, म्हणजे हॉल, घसा, सिरिंज, तो स्वप्नाचा प्रकट आशय. ही इच्छा म्हणजे सुप्त आशय. स्वप्नातल्या इर्मात दोन-तीन वेगवेगळ्या बायका मिसळल्यात हे फ्रॉइड स्वतः दाखवतो, ते संघनन. पाठ करायची ती चार नावं या एका स्वप्नात सापडतात, फक्त प्रत्येक नावापुढे स्वप्नातला तेवढा तुकडा लिहून ठेवा. स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक नोव्हेंबर 1899 मध्ये छापून आलं पण त्यावर साल 1900 टाकलं होतं, म्हणून दोन्ही सालं दिसतात. पहिल्या आवृत्तीच्या 600 प्रती खपायला आठ वर्षं लागली.

विसरण्याचं उदाहरणही असंच घ्या. 1898 मध्ये प्रवासात गप्पा मारताना फ्रॉइडला ओर्व्हिएतोच्या चर्चमधली भित्तिचित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं नाव आठवेना. नाव होतं सिन्योरेल्ली, त्याऐवजी डोक्यात बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफ्यो येत राहिले. त्याच गप्पांत थोडं आधी मृत्यू आणि लैंगिकता याबद्दलचा विषय निघता निघता त्याने आवरता घेतला होता, आणि त्राफोई नावाच्या गावी असताना एका पेशंटने आत्महत्या केल्याची बातमी त्याला कळलेली होती. बोल्त्राफ्यो आणि त्राफोई, उच्चार करून बघा. दाबायचं होतं मृत्यूचं प्रकरण, त्याच्यासोबत बिचारा चित्रकारही दाबला गेला. हे तुम्हाला पटो न पटो, कन्सेप्ट मात्र कळते, की दाबलेली गोष्ट थेट न येता शेजारच्या वाटेने येते.

दोन नकाशे, एकमेकांत मिसळू नका

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात असं मला वाटतं. फ्रॉइडने मनाचे दोन वेगवेगळे नकाशे दिले. 1900 च्या आसपासचा बोध, बोधपूर्व (आत्ता मनात नाही पण आठवलं तर आठवतं ते) आणि अबोध असा. 1923 चा इड, इगो, सुपरइगो, म्हणजे आपल्या पुस्तकातले इदम्, अहम्, पराहम्. इड म्हणजे आतल्या कच्च्या इच्छा, इगो म्हणजे त्यांना आवरून जगाशी जुळवून घेणारा भाग, सुपरइगो म्हणजे आतून नियम सांगणारा आणि दोष देणारा भाग. मुलं काय करतात, दोन्ही एकावर एक चिकटवतात, इड म्हणजे अबोध, इगो म्हणजे बोध, आणि झालं. असं असतं तर दुसऱ्या नकाशाची गरजच पडली नसती ना!

गरज का पडली ते बघा. पेशंट सोफ्यावर झोपून मनात येईल ते बोलतोय, आणि एका ठरावीक विषयापाशी आला की अडतो, विषय बदलतो, डोकं रिकामं झालं म्हणतो. म्हणजे कुणीतरी आत अडवतंय. हे अडवणं इगोचं काम, पण पेशंटला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी काही लपवत नाहीये, आणि तो खरं बोलत असतो. म्हणजे अडवणारा इगोसुद्धा काही प्रमाणात अबोध आहे. तसंच काही पेशंट बरे व्हायला लागले की उलट बिघडतात, जणू बरं होण्याचा आपल्याला हक्कच नाही, आणि ही अपराधी भावना त्यांना स्वतःला माहीत नसते. म्हणजे सुपरइगोचाही एक भाग अबोध. जुन्या नकाशात हे बसेना, म्हणून नवा केला. हा ‘का’ जर उत्तरात चार ओळींत लिहिलात तर बाकी सगळं आपोआप जागेवर येतं.

चित्र काढायचं असेल तर हिमनग सगळेच काढतात, पण फ्रॉइडने स्वतः दिलेली चित्रं जास्त उपयोगी आहेत. पहिल्या नकाशासाठी त्याने सांगितलं की एक मोठी बाहेरची खोली, तिथे इच्छांची गर्दी, शेजारी छोटी बैठकीची खोली आणि दारात पहारेकरी. पहारेकऱ्याने परत पाठवलेली ती दमन केलेली. दुसऱ्यासाठी घोडा आणि स्वार, घोडा म्हणजे इड आणि स्वार म्हणजे इगो, ताकद सगळी घोड्याची, दिशा स्वाराने द्यायची, आणि बरेचदा घोड्याला जायचंय तिकडेच स्वाराला त्याला न्यावं लागतं.

संरक्षण यंत्रणा: एक वाक्य घ्या आणि मोडा

या भागाला वेळ द्या कारण परीक्षेत उदाहरण देऊन ओळखायला सांगतात आणि प्रक्षेपण, विस्थापन, प्रतिक्रिया निर्मिती यात घोळ होतो. फ्रॉइडने 1911 मध्ये न्यायाधीश श्रेबरच्या केसवर लिहिताना एक पद्धत वापरली, एक वाक्य घेतलं आणि त्याचा कुठला भाग बदलला की कुठला भ्रम तयार होतो ते दाखवलं. तीच पद्धत थोडी वाढवून आपल्याला वापरता येते.

वाक्य घ्या: ‘मला भावाचा राग येतो.’ हे वाक्य मनाला सहन होत नाही, भीती वाटते, म्हणून ते बदलायचं. कर्ता बदलला तर ‘भावालाच माझा राग येतो’, हे प्रक्षेपण. ज्याचा राग येतो तो माणूस बदलला तर ‘मला त्या शेजाऱ्याचा राग येतो’, हे विस्थापन, आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते. क्रिया उलटी केली तर ‘भावावर माझं जिवापाड प्रेम आहे’, आणि ते इतकं जास्त की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं, ही प्रतिक्रिया निर्मिती. वाक्यच पुसलं तर दमन. वाक्य राहिलं पण त्यातली भावना गेली, म्हणजे ‘हो, मला त्याचा राग आहे, असतो असा राग’ असं हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं, तर अलगीकरण. राग दुसऱ्या मान्य कामात गेला, तो पोरगा कुस्तीच्या आखाड्यात उतरला किंवा वकील झाला, तर उदात्तीकरण. आणि वाक्य तसंच ठेवून कारण तेवढं छान जोडलं, ‘त्याच्या भल्यासाठीच बोलतो मी’, तर ते समर्थन, हा शब्द वापरात आणला फ्रॉइडचा सहकारी अर्नेस्ट जोन्सने 1908 मध्ये. एकदा स्वतःचं वाक्य घेऊन हे करून बघा, परत कधी घोळ होणार नाही.

म्हणींचा वापर करताना मात्र सांभाळा. नाचता येईना अंगण वाकडं हे समर्थनाचं उदाहरण म्हणून सर्रास देतात, ते चालेल, पण म्हणीतला माणूस बऱ्याचदा जाणूनबुजून बहाणा करत असतो आणि फ्रॉइडच्या यंत्रणेत माणसाचा त्या कारणावर खरोखर विश्वास असतो. चोराच्या मनात चांदणं हे तर प्रक्षेपण नाहीच, चोराला स्वतःची चोरी पक्की माहीत असते आणि पकडले जाऊ म्हणून तो धास्तावलेला असतो. मुद्दाम विसरायचा प्रयत्न करणं म्हणजेही दमन नव्हे. जाणीव आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक उदाहरणाला विचाराच.

आणखी एक, चिंता आधी की दमन आधी? फ्रॉइड सुरुवातीला म्हणत होता की दाबलेल्या इच्छेची चिंता होते. 1926 मध्ये त्याने हे उलटं केलं, आधी चिंता धोक्याची घंटा वाजवते आणि म्हणून इगो दमन करतो. संरक्षण यंत्रणांची यादी व्यवस्थित मांडली ती त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, 1936 मध्ये. आणि ती ॲना ओ. नव्हे, कृपा करून.

मनोलैंगिक अवस्थांवर मी फार वेळ घालवू नका म्हणेन. मौखिक, गुद, लिंग, सुप्त आणि जननेंद्रिय असा क्रम, साधारण वयं आणि कुठे अडकलं तर कसा स्वभाव एवढं पुरे. दूध तोडण्यावरून किंवा शी-शूच्या सवयीवरून मोठेपणीचा स्वभाव ठरतो याला चांगला पुरावा मिळालेला नाही. त्यातला ईडिपस गंड मात्र नीट समजून घ्या आणि तो हान्सच्या केसमधून घ्या.

छोटा हान्स, आणि एकच केस तीन डोळ्यांनी बघणं

व्हिएन्ना, 1908. पाच वर्षांचाही नसलेला मुलगा रस्त्यावर जायला घाबरतो, घोडा चावेल म्हणतो. घरासमोरच जकातीच्या मालाचं गोदाम, दिवसभर भरलेल्या गाड्या आत-बाहेर, म्हणजे भीती दारातच उभी. त्याने आईसोबत असताना बसगाडीचा मोठा घोडा पडून पाय झाडताना पाहिलेला आहे. दीड वर्षापूर्वी बहीण झालीये. त्याआधी आईने एकदा दम दिलेला की शूच्या जागेला हात लावलास तर डॉक्टरांना सांगून कापून टाकेन. वडील फ्रॉइडचे चाहते, ते सगळं लिहून फ्रॉइडला कळवतात आणि उपचारही तेच करतात, फ्रॉइड मुलाला त्या काळात एकदाच भेटला. त्या भेटीत त्याने विचारलं, घोड्यांना चष्मा असतो का, तोंडाजवळचं ते काळं म्हणजे मिशी का. मुलाच्या वडिलांना चष्मा आणि मिशी होती. घरी जाताना हान्सने वडिलांना विचारलं, प्रोफेसर देवाशी बोलतात का, त्यांना हे सगळं आधीच कसं कळतं!

फ्रॉइडचं उत्तर: आई आपली एकट्याची असावी, वडील वाटेतून दूर व्हावेत, म्हणून वडिलांची भीती, ती भीती घोड्यावर ढकलली. ईडिपस गंड, कॅस्ट्रेशनची (लिंग कापलं जाईल अशी) भीती आणि विस्थापन, तिन्ही एका केसमध्ये. पुढे मुलगा वडिलांसारखं व्हायचं ठरवतो, त्यांचे नियम आत घेतो आणि त्यातून सुपरइगो तयार होतो, हा दुवा उत्तरात जोडायला विसरू नका.

आता ॲडलरच्या डोळ्यांनी बघा. हे विश्लेषण ॲडलरने केलेलं नाही, त्याच्या कन्सेप्ट वापरून आपण करतोय, तसं उत्तरात स्पष्ट लिहायचं. ॲडलर विचारेल की या भीतीने मुलाला मिळतंय काय? तो घरी राहतो, आईजवळ राहतो, बाप त्याच्या मागे वही घेऊन फिरतो, सगळं घर त्याच्याभोवती. साडेतीन वर्षं एकुलता राजा होता, बहीण आली आणि सिंहासन गेलं. फ्रॉइड मागे बघतो, कारण शोधतो. ॲडलर पुढे बघतो, हेतू शोधतो. दोघांमधला हा फरक एकदा पकडलात की ॲडलरचं उरलेलं सगळं त्यातून उलगडतं.

ॲडलर फ्रॉइडचा शिष्य होता असं लिहितात, तेही तपासून लिहा. 1902 मध्ये फ्रॉइडने ज्या चार डॉक्टरांना बुधवारच्या बैठकीला बोलावलं त्यातला तो एक, स्वतःची प्रॅक्टिस असलेला सहकारी. 1911 मध्ये वेगळा झाला. लहानपणी मुडदूस झालेला, पट्ट्या बांधून बाकावर बसलाय आणि समोर थोरला भाऊ उड्या मारतोय ही त्याची सांगितलेली जुनी आठवण, आणि त्या भावाचं नाव सिग्मंड, फ्रॉइडचंच. सुरुवात त्याने अवयवाच्या उणिवेपासून केली, 1907 मध्ये, मग म्हणाला उणीव शरीरातच हवी असं नाही, मूल म्हणून आपण सगळेच लहान, दुबळे, मोठ्यांवर अवलंबून असतो. ही न्यूनतेची भावना सगळ्यांना असते आणि तिच्यामुळेच माणूस धडपडतो. ती इतकी वाढली की माणूस धडपडायचंच सोडतो, तेव्हा तो न्यूनगंड. हा फरक लिहा. धडपड कुठल्या वाटेने चालते ती त्याची जीवनशैली, आणि ती निरोगी आहे की नाही याची कसोटी म्हणजे सामाजिक आस्था, दुसऱ्यांसाठी काही करावंसं वाटतं का नाही. मला या सगळ्यांत ॲडलर सगळ्यात माणुसकीचा वाटतो, त्याने व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं उभी केली आणि शिक्षकांना सोबत घेतलं. त्याची जन्मक्रमाची थिअरी, म्हणजे भावंडांत कितवे आहोत त्यावरून स्वभाव घडतो ही कल्पना, मात्र वाचायला गोड असली तरी टिकत नाही, 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या डेटावर झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही.

युंगच्या डोळ्यांनी हान्स बघायला गेलात तर खरं सांगायचं तर फार हाती लागत नाही, कारण युंगचं बरंचसं काम मोठ्यांवर आहे, त्यातही चाळिशीनंतरच्या माणसांवर. त्याला त्याच्या जागी बघा, म्हणजे झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये, हातात स्टॉपवॉच. तो पेशंटला एकेक शब्द द्यायचा, मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजायचा. एका माणसाला चाकू, भाला, मारणं, टोकदार, बाटली अशा शब्दांपाशी वेळ लागला. युंगने सरळ सांगितलं की तुमच्या हातून दारूच्या भरात चाकूचं काहीतरी झालंय, आणि ते खरं निघालं. एका भावनेभोवती जमलेला आठवणी आणि कल्पनांचा हा गुंता म्हणजे गंड, आणि ईडिपस गंड हे नाव फ्रॉइडने 1910 मध्ये वापरलं तेव्हा त्यातला गंड झुरिककडून आलेला होता.

1907 मध्ये दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा तेरा तास बोलत होते असं युंग सांगतो, आणि 1913 पर्यंत संबंध तुटलेही. भांडणाचं मूळ लिबिडोत. फ्रॉइडसाठी ती लैंगिक ऊर्जा, युंगसाठी सगळ्या जगण्याची. दुसरं म्हणजे युंगला वाटलं की वैयक्तिक अबोधाच्या खाली सगळ्या माणसांचा मिळून एक थर आहे, सामूहिक अबोध, आणि त्यात आदिबंध असतात. आदिबंध म्हणजे तयार चित्रं नव्हेत, चित्रं घडवण्याची जन्मजात प्रवृत्ती, हे युंगने स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलंय. मुखवटा म्हणजे जगाला दाखवायचा चेहरा, छाया म्हणजे स्वतःतलं नाकारलेलं, आणि दुसऱ्याच्या ज्या गोष्टीचा आपल्याला प्रमाणाबाहेर संताप येतो तिथे छाया शोधायची. अंतर्मुख-बहिर्मुख 1921 चं, आणि अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे, मनाचा ओढा आत आहे की बाहेर एवढाच त्याचा अर्थ. इंटरनेटवर ती चार अक्षरांची टेस्ट (एमबीटीआय) सगळे देतात, ती युंगने केलेली नाही, कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्याच्या कल्पनांवरून नंतर केली आणि चौथी अक्षरजोडी त्यांनी स्वतः घातली.

कॅरेन हॉर्नीला शेवटच्या पानावर ढकलतात, तसं करू नका

पेपरात तिला पाच मार्क असतात म्हणून ती राहून जाते. बर्लिनमध्ये शिकलेली ही डॉक्टर 1932 मध्ये अमेरिकेला गेली. मुलींना पुरुषाच्या अवयवाचा मत्सर वाटतो या फ्रॉइडच्या म्हणण्याला तिने 1920 च्या दशकातच तोंडावर उत्तर दिलं, की बाईला हेवा वाटत असेल तर तो पुरुषाला मिळणाऱ्या सत्तेचा आणि मोकळेपणाचा, आणि मूल जन्माला घालण्याच्या शक्तीचा हेवा पुरुषालाही वाटतोच. मूलभूत चिंता ही तिची मुख्य कल्पना, शत्रुत्वाने भरलेल्या वाटणाऱ्या जगात आपण एकटे आणि असहाय आहोत ही मुलाची भावना. त्यातून तीन वाटा, लोकांच्या जवळ जाणं, लोकांच्या विरुद्ध जाणं आणि लोकांपासून दूर जाणं. निरोगी माणूस तिन्ही वापरतो, त्रासातला माणूस एकीलाच धरून बसतो.

हे सगळं खरं आहे का?

हा प्रश्न पडलाच पाहिजे. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर तरुणपणी, 1919 मध्ये, ॲडलरसोबत काम करत होता. त्याने एक केस सांगितली जी त्याला ॲडलरच्या थिअरीत बसणारी वाटत नव्हती, ॲडलरने मुलाला न बघताच ती लगेच बसवून दाखवली. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर म्हणाला की हजार केसेसचा अनुभव आहे, त्यावर पॉपर म्हणाला, म्हणजे आता ही धरून एक हजार एक. जी थिअरी काहीही झालं तरी बरोबरच ठरते ती तपासायची कशी, हा त्याचा आक्षेप. हान्सच्या बाबतीत वोल्पे आणि रॅकमन या अभ्यासकांनी 1960 मध्ये विचारलं की पडलेला घोडा बघून घोड्याची भीती बसली एवढं साधं उत्तर का चालू नये. हान्स स्वतः, म्हणजे हर्बर्ट ग्राफ, पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला, आणि 1922 मध्ये एकोणीस वर्षांचा असताना फ्रॉइडला भेटला तेव्हा त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं.

आपल्याकडचा आक्षेपही उत्तरात लिहा, फार थोडे लिहितात. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि 1929 मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवलं की माझ्या भारतीय पेशंटमध्ये कॅस्ट्रेशनची भीती युरोपियन पेशंटइतकी ठळक दिसत नाही. व्हिएन्नातल्या एका वर्गाच्या घरांवरून सगळ्या जगाचं मन सांगता येतं का, हा मुद्दा एका भारतीय डॉक्टरने थेट फ्रॉइडपुढे ठेवला होता.

मग काय टिकलं? आपल्या मनात बरंच काही आपल्या जाणिवेबाहेर चालतं, लहानपणच्या नात्यांचा ठसा राहतो, एकाच माणसाबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असू शकतात, हे आजही मानलं जातं, जरी आजच्या संशोधनातलं अबोध फ्रॉइडच्या अबोधासारखं नाही.

अभ्यास करताना एवढं पाळा

वहीच्या एका पानावर प्रश्न लिहा, उदाहरणार्थ ‘माणूस स्वतःच्याच विरुद्ध का वागतो’, आणि त्याखाली चौघांची उत्तरं दोन-दोन ओळींत. माणूस कशाने चालतो, बालपण किती ठरवतं, बदल शक्य आहे का, असे चार-पाच प्रश्न झाले की तुलनेचा कुठलाही प्रश्न आला तरी तयारी असते. प्रत्येक कन्सेप्टपुढे साल लिहा, कारण फ्रॉइड स्वतःची मतं बदलत गेला आणि 1900 चा फ्रॉइड आणि 1926 चा फ्रॉइड एकाच वाक्यात कोंबला की उत्तर बिघडतं.

हे शिकल्यावर घरच्यांवर वापरायचा मोह आवरा. बायको चिडली की प्रक्षेपण, मित्र शांत झाला की दमन, असं तोंडावर बोलण्याने नाती खरोखर दुखावतात, आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला तर तोही पुरावाच धरायचा ही पॉपरने दाखवलेली चूक आपण घरात करायला लागतो. कुणाला खरंच त्रास होत असेल तर शिकलेल्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

मूळ लेखन वाचायचं असेल तर फ्रॉइडने 1909 मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात दिलेली पाच व्याख्यानं आधी घ्या. ती सामान्य श्रोत्यांसाठी होती, छोटी आहेत, आणि सुरुवात ॲना ओ.पासूनच होते. त्यानंतर हान्सची केस पूर्ण वाचा, बाप-लेकाचे संवाद जसेच्या तसे आहेत त्यामुळे कंटाळा येत नाही आणि कुठे बाप मुलाच्या तोंडात शब्द घालतोय ते तुमचं तुम्हाला दिसतं, तिथे पेन्सिलने खूण करत जा. इड-इगोवरचं 1923 चं पुस्तक सगळ्यात शेवटी घ्या, ते पातळ असलं तरी दाट आहे.